पॅरिसच्या चुलींना सरपण पुरवणारं गाव : क्लामसीबद्दलचे प्रश्न

फ्रान्समधल्या बरगंडी प्रांतातल्या नद्यांवर लिहिताना योन आणि बव्रों या नद्यांच्या संगमावरच्या क्लामसी या गावाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न : तिथे नदीतून लाकूड वाहून नेत, म्हणजे नेमकं काय करत? ओंडके हरवत नसत का?

सोळाव्या शतकात पॅरिसजवळची जंगलं विरळ होत चालली होती, पण शहराला सरपण तर रोज लागायचं. ते मुबलक होतं मोर्वांच्या डोंगरांत, आणि एवढ्या लांबून गाडीने आणणं परवडणारं नव्हतं. तेव्हा नदीलाच कामाला लावलं. हिवाळ्यात तोड व्हायची. मीटरभराहून थोडे लांब तुकडे करून प्रत्येकाच्या टोकावर व्यापारी आपल्या हातोड्याचा ठसा मारायचा. तळ्यांत अडवलेलं पाणी ठरल्या दिवशी सोडत आणि त्या लोंढ्यात ओंडके सुटेच ढकलून देत.

क्लामसीला ते अडवले जात. लांब दांड्याचे आकडे घेतलेली माणसं थंडगार पाण्यातून लाकूड काठावर ओढत आणि ठसे बघून ज्याचा त्याचा ढीग रचत. हो, बरेच ओंडके बुडत. तळाशी गेलेले शोधून काढणं हे वेगळंच काम होतं. पुढे लवचिक फांद्यांनी बांधून सुमारे ७० मीटर लांबीचे तराफे तयार होत. एवढं धूड बंधाऱ्यांच्या अरुंद दारांतून सुखरूप काढायचं, तेही एक तराफेवाला आणि मदतीला एक पोर एवढ्यांनीच. ते कसब मला त्या काळच्या कुठल्याही दर्यावर्दीच्या तोडीचं वाटतं. पॅरिसला तराफा मोडून लाकूड उतरवलं जाई आणि माणूस पायी घरी परते. दगडी कोळसा आणि रेल्वे आल्यावर हा धंदा ओसरला.

प्रश्न : फ्रान्समधल्या या गावात ‘बेथलेहेमचा बिशप’ राहायचा, हे खरं आहे का?

अगदी खरं. या भागाचा सरदार, नव्हेरचा काउंट चौथा गियोम ११६८ साली पवित्र भूमीत वारला. बेथलेहेम ख्रिस्ती लोकांच्या हातचं गेलं तर तिथल्या बिशपला आसरा मिळावा, म्हणून त्याने क्लामसीतलं रुग्णालय त्याच्या नावे करून ठेवलं होतं. ११८७ साली ते खरोखरच गेलं. तेराव्या शतकात बिशप इथे आले आणि फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत ही गादी टिकली. अधिकारक्षेत्र मात्र त्या रुग्णालयाभोवतीच्या, नदीपलीकडच्या वस्तीपुरतंच. तिला आजही बेथलेहेमच म्हणतात, आणि तराफेवाले राहत ते याच वस्तीत.

प्रश्न : १८५१ च्या उठावात इतक्या लहान गावाचं नाव कसं आलं?

२ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियनने पॅरिसमध्ये सत्ता बळकावली. ५ तारखेच्या रात्री क्लामसीत लोक प्रजासत्ताकासाठी रस्त्यावर आले, तुरुंग फोडला, गाव ताब्यात घेतलं. त्यात तराफेवाले मोठ्या संख्येने होते, आणि याचं मला नवल वाटत नाही. ही माणसं सतत पॅरिसला जात, तिथलं राजकारण ऐकून येत, आणि मजुरीसाठी एकजुटीने अडून बसणं त्यांना नवं नव्हतं. सैन्य आलं, शेकडो जणांना पकडलं, कित्येकांना अल्जीरियाला आणि काहींना दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातल्या काएनला धाडलं. पुढे प्रजासत्ताक परत आलं, तरी त्या घरांचं झालेलं नुकसान भरून आलं नाही. फ्रान्सच्या इतिहासात या लोकांना याहून मोठी जागा मिळायला हवी.

प्रश्न : गांधीजींवर लिहिणारे रोमाँ रोलाँ इथलेच ना?

इथलेच. २९ जानेवारी १८६६ चा जन्म, वडील गावात नोटरी. १९१५ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. १९२४ मध्ये त्यांनी गांधीजींवर लिहिलं, नंतर रामकृष्ण आणि विवेकानंदांवरही. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी त्यांना भेटले, पण ते स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्हला, क्लामसीत नव्हे. रोलाँ १९४४ साली जवळच्या व्हेझलेला वारले. गावातल्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. जाणार असाल तर १४ जुलै साधा. त्या दिवशी नदीवर होड्यांतून एकमेकांना काठीने पाण्यात ढकलण्याचा खेळ रंगतो, आणि तो तराफेवाल्यांकडूनच चालत आलेला आहे.