स्वयंपाकाचा गॅस एसीत भरावा का?

प्रश्न : आमचा दीड टनाचा जुना स्प्लिट एसी आर-२२ गॅसवर चालतो. यंदा गॅस पुन्हा गळाला. आर-२२ महाग झाला आहे, तेव्हा सिलिंडरमधला एलपीजी भरू, थंडावा तोच आणि वीजही कमी, असे कारागीर म्हणतो. भरावा का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : भरू नये. कारागिराचे बोलणे अर्धे खरे आहे, आणि घोळ तिथेच होतो. शुद्ध प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हे उत्तम शीतक (थंडावा देणारा वायू) आहे : तो उणे ४२ अंशांना उकळतो, आर-२२ उणे ४१ ला, म्हणजे जवळपास सारखेच; शिवाय प्रोपेन ओझोनला अपाय करत नाही. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा तसाच ज्वलनशील वायू सर्रास असतो आणि गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवरचे एसी भारतात आणले. मात्र ही यंत्रे मुळातच ज्वलनशील वायूसाठी घडवलेली असतात. त्यांत वायू मोजून, कमीत कमी भरतात आणि ठिणगी पडेल असे विजेचे भाग बंदिस्त ठेवतात. तुमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमधला कॉन्टॅक्टर किंवा रिले (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) असा विचार करून बसवलेला नसतो.

त्यातून एलपीजी म्हणजे शुद्ध प्रोपेन नव्हे. त्यात ब्युटेनही असतो, प्रमाण ठरलेले नसते, त्यामुळे दाब जुळत नाही; वायूत ओल असली तर ती कॅपिलरीत (शीतकाच्या अतिबारीक नळीत) गोठून मार्ग तुंबवते. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि हवेत सुमारे दोन टक्के झाला की पेट घेऊ शकतो. बंद शयनगृहात गळालेला वायू जमिनीलगत साचतो.

सर्वांत मोठा धोका पुढच्या कारागिराला आहे. युनिटवर आर-२२ लिहिलेले पाहून तो निर्धास्तपणे तांब्याच्या नळीला ब्रेझिंगची (सांधा जोडण्याची) ज्योत लावील. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे बेकायदाही आहे.

गळती खाडीच्या खारट हवेने गंजलेल्या कॉइलमध्ये आहे की फ्लेअर नटपाशी (नळ्यांच्या आट्याच्या जोडापाशी), हे नायट्रोजनचा दाब देऊन आधी शोधून घ्या. ती बुजवल्याशिवाय कोणताही गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे होय. कॉइल गेली असेल, तर त्या यंत्रावर खर्च न करता आर-२९० साठीच बनवलेला नवा एसी घ्यावा. एलपीजी आधीच भरला असल्यास एसीचा एमसीबी बंद ठेवून, ज्वलनशील शीतकांचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडून तो काढून घ्यावा, आणि तोवर युनिटवर ठळक चिठ्ठी चिकटवावी.