व्यसनमुक्ती केंद्रात गाणी, खेळ, नाटकं घेतात त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय, ‘धाकट्या भावाला दाखल केलंय, भेटायला गेले तर पठ्ठ्या कॅरम खेळत होता. पैसे उपचारासाठी भरलेत की टाइमपाससाठी?’ माझ्या दादानेही हेच विचारलं होतं. फक्त त्याचे शब्द होते, ‘नाटकं करायला पैसे भरलेत का?’ आणि आम्ही खरोखरच नाटक बसवत होतो.

दिवस कसाही जातो हो. सहा वाजले की घसा कोरडा पडायचा, पाय एका जागी ठरायचे नाहीत. वीस वर्षं त्या वेळेला मी एकच काम केलं होतं. तालीम नेमकी सहा ते आठ ठेवलेली असायची, ती उगाच नाही.

नाटकात एक दारुडा होता. ती भूमिका करायला सगळेच पुढे (अनुभव दांडगा!). समुपदेशकांनी साफ सांगितलं, दारुडा रंगमंचावर येणारच नाही, त्याच्या फक्त चपला दिसतील. मला चार ओळी पाठ होईनात, म्हणून चपला मांडायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या प्रवेशात जोडीने, दुसऱ्यात एक उलटी, शेवटच्यात एकच. चपला माझ्याच, डावीचा अंगठा तुटून खिळा मारलेला. एकदा तालमीत मी दुसऱ्याच प्रवेशात एकच ठेवली, तर सगळे खेकसले. प्यायलो म्हणून नव्हे, काम चुकलं म्हणून कुणीतरी माझ्यावर चिडलं, असं कितीतरी वर्षांनी घडत होतं. बरं वाटलं.

प्रयोगाला दादा आला, मागे मोबाइल बघत बसला. शेवटची चप्पल दिसली तेव्हा मात्र त्याने मोबाइल खिशात टाकला. त्याच चपलेवरून त्याने मला एकदा गटाराकाठी ओळखलं होतं. नंतर म्हणाला, ‘छान होतं. पण गुण गोळ्यांचाच.’

त्याला दाखवायला मी मग शोधाशोध केली. मेंदूत गोडी जाणवून देणारं डोपामिन नावाचं रसायन असतं, नशा त्याला इतकं उधाण आणते की ती सुटल्यावर कित्येक महिने साध्यासुध्या गोष्टींत गोडी वाटत नाही. 1973 साली अमेरिकेत हंट आणि अॅझरिन या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या रुग्णांना नोकरी आणि घर सावरायला मदत केलीच, शिवाय दारूविना चालणारा एक क्लबही काढून दिला, तोही जुन्या गुत्त्याच्या जागेत! नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ते रुग्ण पुढे कितीतरी कमी प्यायले. दादाने वाचलं आणि म्हणाला, ‘अमेरिकेचं सोड.’

बाहेर आल्यावर मला हौशी नाटकवाल्यांत जायचं होतं. दादा म्हणाला, ‘पुरे झालं, आता नोकरी बघ.’ बघितली. संध्याकाळ मोकळीच राहिली आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा सुरू. प्यायलो मीच, त्यात दादाचा दोष नाही. (थोडा आहे.) दुसऱ्यांदा बाहेर पडलो तेव्हा कुणालाच विचारलं नाही, थेट तालमीला गेलो. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा ताई, भाऊ घरी आला की ‘खेळ संपले, कामाला लाग’ हे वाक्य तेवढं बोलू नका.

हां, एक राहिलंच. सुरुवातीला कॅरमबिरम काही कामाचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या काही दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच लागतो. गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. इथे दादा बरोबर, मान्य. आणि कॅरम पैसे लावून खेळत असतील तर खुशाल तक्रार करा.

नाटकवालेही काही सगळे सोवळे नसतात. प्रयोगानंतरच्या पार्टीला मी आजही थांबत नाही, सामान आवरलं की सरळ घर.