क्यूएलईडी टीव्हीत खरंच नॅनो काही असतं का?

प्रश्न: नवीन टीव्ही घ्यायचाय. दुकानातला मुलगा म्हणतो क्यूएलईडी घ्या, यात क्वांटम डॉट आहेत, नॅनो टेक्नॉलॉजी आहे, ओएलईडीसारखाच पण स्वस्त. खरं आहे का? मुलगी म्हणते त्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो, आणि घरात दोन वर्षांचा नातू आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर: नॅनो आहे हे खरं, ओएलईडीसारखा आहे हे खरं नाही.

क्वांटम डॉट म्हणजे सेमीकंडक्टरचा अगदी बारीक कण, साधारण २ ते १० नॅनोमीटर, आणि आपला केस असतो ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड, म्हणजे विचार करा. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की पदार्थ तोच ठेवून नुसता आकार बदलला की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा २-३ नॅनोमीटरचा कण निळा-हिरवा चमकतो आणि ६-७ चा लाल. सतारीची तार बोटाने दाबून आखूड केली की सूर चढतो ना, तसंच कण लहान झाला की आतल्या इलेक्ट्रॉनला जागा कमी पडते, एनर्जी वाढते आणि रंग निळ्याकडे सरकतो. पण सगळे कण एकाच मापाचे नसतील तर रंग गढूळ येतो, आणि खरी अडचण तिथेच होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या टीमने गरम द्रावणात एकदम रसायन सोडून एकसारखे कण बनवायची पद्धत काढली. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना याच क्वांटम डॉटसाठी मिळालं.

आता टीव्ही. मागे निळे एलईडी, त्यांच्यापुढे या डॉटची फिल्म, ती थोडा निळा प्रकाश घेऊन स्वच्छ लाल आणि हिरवा देते, म्हणून रंग खरंच छान दिसतात. पण पुढे साधा एलसीडी पॅनलच असतो, तो प्रकाश अडवतो पण थोडा निसटतोच, त्यामुळे काळा रंग पूर्ण काळा होत नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि विझतो. थेट करंटवर चमकणाऱ्या डॉटच्या स्क्रीनवर लॅबमध्ये काम चालूय, निळा डॉट लवकर झिजतो ही त्यातली मोठी अडचण.

कॅडमियमबद्दल मुलगी बरोबर बोलतेय, सुरुवातीच्या काही टीव्हींत ते होतं. आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी इंडियम फॉस्फाइड वापरतात, युरोपात तर कॅडमियमवर वजनाच्या ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे. शिवाय हवा आणि ओल लागली की डॉट खराब होतात, म्हणून फिल्म दोन्ही बाजूंनी सील केलेली असते, नातवाने स्क्रीनला हात लावला तर काही होत नाही. टीव्ही फुटलाच तर आतली फिल्म कापू-खरवडू नका, ई-कचऱ्यात द्या.

घेताना कॅडमियम-फ्री आहे का विचारा, आणि दुकानात फुलं-पोपटांचा डेमो चालू असतो तो बंद करून रात्रीचा सीन लावायला सांगा, कोपरे किती राखाडी दिसतात ते तिथेच कळेल.