बट्टा लागतो तो नेमका कशाला?

प्रश्न असा आला आहे: 'घराण्याच्या नावाला बट्टा लावला' यातला बट्टा म्हणजे डागच ना? मग माझे सासरे (मूळचे परभणीचे, वय पंच्याऐंशी) 'नोटाबंदीत लोकांनी जुन्या नोटा बट्ट्याने विकल्या' असं का म्हणतात?

सासरे अगदी बरोबर बोलतात. बट्टा हा सराफाच्या पेढीवरचा शब्द आहे. एक नाणं देऊन दुसरं घेताना दर्शनी किमतीतून जी घट कापली जाई, तो बट्टा. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर पाचशेची जुनी नोट घेऊन हातावर चारशे टेकवणारे भेटत होते. तो काळा बाजार होता, पण कापलेल्या शंभराचं खरं नाव बट्टाच. तेव्हा सगळे 'कमिशन' म्हणत होते, याची मला आजही चुटपुट लागते.

पेशवाईत सगळीकडे चालेल असा एकच रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी असे किती तरी रुपये बाजारात फिरत, प्रत्येकाचा कस निराळा. सराफ रुपया आधी दगडावर वाजवून बघे. खणखणीत वाजला तर पुढची बोलणी, बद्द वाजला तर परत. मग वजन, मग शिक्का, आणि शेवटी शेकडा अमुक बट्टा.

पण 'नावाला बट्टा' कसा लागतो, ते बंगालच्या सिक्का रुपयावरून फार छान कळतं. त्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असे. दोन-तीन वर्षं उलटली की तोच रुपया जुना ठरे आणि बट्ट्याने चाले. चांदी तेवढीच, वजन तेवढंच, फक्त बाजारातली पत उतरलेली. पुढे कंपनी सरकारने शाह आलमचं १९ वं वर्षच नाण्यांवर कायम ठेवलं, ते हा घोळ थांबावा म्हणून.

नावाचंही तेच होतं. माणूस तोच असतो, पण त्याचं नाव पूर्वीच्या किमतीला चालत नाही. म्हणून मला 'नावावरचा बट्टा पुसला' हे वाक्य खटकतं. डाग पुसतात, कलंक धुतात. बट्टा लागतो, बसतो, किंवा भरून निघतो. शेअर बाजाराच्या बातम्यांत 'दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने' असं लांबलचक लिहितात, तिथेही 'बट्ट्याने' चपखल बसेल.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एक तोळा वजनाचा एकच रुपया ठरला आणि सराफांचा हा धंदा आटत गेला. मराठवाड्यात मात्र निजामाचा हाली रुपया चालूच राहिला. सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रज सरकारचे रुपये), म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. हाली चलन पुरतं बंद झालं ते १९५९ मध्ये. तुमचे सासरे तेव्हा विशीच्या आसपास असणार. हाली देऊन कलदार घेताना दुकानदार वर किती बट्टा लावायचा, ते त्यांना जरूर विचारा आणि मलाही कळवा.