फ्रँकांच्या जेरुसलेमचा अभ्यास सुरू करताना

आपण या विषयाकडे वळलात, याचा मनापासून आनंद झाला. आरंभी तीनच घटना पक्क्या कराव्यात: १५ जुलै १०९९ रोजी फ्रँकांनी, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, शहर जिंकले, ११०० च्या नाताळात बेथलेहेम येथे त्यांचा राजा पहिला बाल्डविन याचा राज्याभिषेक झाला आणि २ ऑक्टोबर ११८७ रोजी मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनने शहर परत घेतले. पुढच्या धर्मयुद्धांच्या मोहिमांचे क्रमांक सध्या बाजूला ठेवावेत.

नवशिक्यांकडून होणाऱ्या चुका अशा:

१. शहर तुर्कांकडून जिंकले असे मानणे. इजिप्तच्या फातिमी खलिफांनी ते १०९८ मध्येच तुर्कांकडून घेतले होते.

२. शहर जिंकल्यावर फ्रँकांनी केलेल्या कत्तलीतील सत्तर हजारांहून अधिक बळींचा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे. कत्तल भयानकच होती. पण हा आकडा देणारा मुस्लिम इतिहासकार इब्न अल-अथीर शतकाहून अधिक काळानंतर लिहीत होता. प्रत्येक साधनाबाबत ते कोणी आणि केव्हा लिहिले, हे आधी विचारावे.

३. कत्तलीपाशीच थांबणे. ही चूक मला सर्वांत अधिक खटकते, कारण खरा रोचक भाग पुढेच आहे. मुसलमान व ज्यू यांना वास्तव्यास बंदी झाल्याने शहर ओस पडले होते. म्हणून एक वर्ष आणि एक दिवस ताबा ठेवणाऱ्यास घराचा हक्क देणारा नियम करण्यात आला, आणि पुढे बाल्डविनने जॉर्डन नदीपलीकडील सिरियन ख्रिस्ती कुटुंबे गुराढोरांसह आणून पूर्वीच्या ज्यू वस्तीत वसवली.

शहराचा नकाशा समोर ठेवूनच वाचावे. आपला ‘फिरंगी’ हा शब्दही मुळात याच ‘फ्रँक’वरून, अरबी-फारसीमार्गे आलेला आहे.