‘हॉस्पिटलमध्ये असते’ याच्या पुढचं वाक्य

प्रिय मैत्रिणी,

अकरा वर्षं तुम्ही हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात आहात. कुणी विचारलं की ‘हॉस्पिटलमध्ये असते’ म्हणता आणि विषय बदलता. लोक नर्स समजतात, तुम्ही समजू देता. आता मुलीनं निबंधात ‘माझी आई नर्स आहे’ असं लिहिलंय आणि तुमची झोप उडाली आहे.

तुम्हाला खोटेपणा टोचतोय असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, इतक्या वर्षांचं काम स्वतःच्याच तोंडून कधी बाहेर पडलं नाही, याचं दुःख त्याहून मोठं आहे.

हुद्दा सांगू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. हातातलं काम सांगा. ते तुमच्याच पत्रात आहे. कात्र्या, चिमटे उघडे ठेवायचे, नाहीतर सांध्यात वाफ पोचत नाही. मग १३४ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ, किमान ३ मिनिटं. अवजारांचं पाकीट ओलसर निघालं तर सगळं पहिल्यापासून. पाकिटावर चिकटवलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे पाकिटाला उष्णता लागली इतकंच समजतं. जंतू खरंच मरतात का, हे बघायला वेगळी चाचणी. हा मजकूर मी दोनदा वाचला. माझी दोन ऑपरेशनं झाली आहेत, पण त्या टेबलावरची कात्री कुणाच्या हातून आली असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

तेव्हा एवढंच म्हणा, “ऑपरेशनची अवजारं मी निर्जंतुक करते. माझी सही झाल्याशिवाय ट्रे थिएटरमध्ये जात नाही.”

कुणीतरी म्हणेलच, “म्हणजे धुण्याचं काम?” तर हो म्हणा. नीट धुतलेलं नसेल तर पुढे कितीही वाफ दिली तरी भरवसा नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

नवरा ‘मेडिकल लाइन’ म्हणतो, याचा राग धरू नका. इतकी वर्षं त्यानं तुमच्याकडून तेच ऐकलंय. त्याला नवं वाक्य द्या.

मुलीला मात्र रागावू नका, समजावतही बसू नका. घरातली कात्री घ्या. मिटलेली दाखवा, मग उघडा, आणि वाफ कुठे अडली असती ते तिलाच शोधू द्या. निबंध बदलायचा का, ते तिचं ती ठरवेल.

तुमची,
ताई