वाचकांचे प्रश्न : शुल्क सर्वांचे, मैदान मोजक्यांचे

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिमखान्याचे शुल्क आम्ही सगळेच भरतो. परंतु व्यायामशाळा सायंकाळी पाचला उघडते आणि आमच्या गावाची शेवटची एसटी पावणेपाचला सुटते. माझ्या मैत्रिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्यामुळे तिला तर मैदानावर येऊच नको, असे सांगण्यात आले. आम्ही काय करावे?

उत्तर : व्यायामशाळेच्या वेळेविषयी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. त्याला गावनिहाय एसटीचे वेळापत्रक आणि त्या गाड्यांनी ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्या जोडा. हीच गाडी पकडणारी मुलेही खेळाला मुकत असतील, तेव्हा त्यांनाही सोबत घ्या. आठवड्यातून दोन तासिका वेळापत्रकातच खेळासाठी राखून ठेवाव्यात आणि मार्चनंतर त्या सकाळच्या पहिल्या तासाला असाव्यात, अशी मागणी करा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मैदानावर उतरणे कोणाच्याही हिताचे नाही. नव्या यंत्रांपेक्षा मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आधी मागा, कारण ते नसले की मुली खेळायला येतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या मैत्रिणीची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. ती सिकलसेलची वाहक (म्हणजे आजाराचे जनुक असलेली, पण स्वतः रुग्ण नसलेली) आहे की रुग्ण, हे सोल्युबिलिटी या रक्ताच्या प्राथमिक चाचणीवरून ठरत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी, रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. वाहक व्यक्ती सहसा इतरांसारखीच खेळू शकते, मात्र उन्हात पाणी न पिता जिवाच्या आकांताने धावणे तिलाही धोक्याचे ठरू शकते. रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे, हलकी योगासने असा बेताचा व्यायाम करावा, वारंवार पाणी प्यावे, थकण्यापूर्वीच थांबावे, आणि अंग दुखू लागले किंवा धाप लागली तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. पुरेशी विश्रांती घेण्याची मुभा आणि हाताशी पाणी, एवढे महाविद्यालयाने सांभाळायलाच हवे. सिकलसेल आजाराचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सूचीत आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांगांच्या क्रीडा-सहभागाची तरतूद आहे. म्हणून डॉक्टरांकडून ‘कोणता व्यायाम चालेल’ हे स्पष्ट लिहिलेले प्रमाणपत्र घेऊन ते शारीरिक शिक्षण संचालकांना द्या आणि त्याची पोच घ्या.